सड्यावर उतार नसतो

समस्त रत्नागिरीकरांना, आणि विशेषेकरून आमच्या गाडीला धक्का मारून ज्यांच्या कमरा कायमच्या धरल्या आहेत अशा आमच्या आळीतल्या सद्गृहस्थांना, अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळवण्यात येते की अकरा वर्षांच्या विचारविनिमयानंतर आमच्या गाडीला दुसरा सेल्फ बसवण्याचे ठरले. ऐकणाऱ्यांनी कृपया उभे राहावे. कमरेमुळे ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी बसूनच मान खाली घालावी.

सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर खर्रर्र करून इंजिनाला गदागदा हलवून उठवणारी ती छोटी विजेची मोटर. पुस्तकात तिला वेगळं, लांबलचक नाव आहे, पण ते नाव घेऊन रत्नागिरीतल्या गॅरेजात गेलात तर लोक तुम्हाला विमा विकणारे समजतील. इथे तो सेल्फच, आणि पुल्लिंगी. ‘सेल्फ गेला’ हे वाक्य इथे ‘आजोबा गेले’ या सुरात म्हणतात, आणि ऐकणाराही तसाच च्यक् च्यक् करतो.

आमचा गेला त्याला अकरा वर्षं झाली. गाडी माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. बाबांनी ती जुनीच घेतली होती. बाबांचा सगळा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनखोल्यांत गेला. तिथल्या धडधडाटात ओरडून बोलायची सवय लागली ती आज ऐंशीच्या घरात पोचले तरी सुटलेली नाही. बाबांना कुजबुजता येत नाही. देवळात त्यांनी आईच्या कानात सांगितलेलं बाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईला ऐकू येतं, आणि कधीकधी ती उत्तरही देते.

अशा माणसाने, ज्याने समुद्राच्या मध्यावर बंद पडलेली घराएवढी इंजिनं चालू केली, एका नारळाएवढ्या मोटरीपुढे अकरा वर्षं हात टेकावेत याचं मला पूर्वी नवल वाटायचं. बाबांनी सेल्फ बदलला नाही. त्यांनी उतार शोधला. गाडी नेहमी उतारावर, तोंड खाली करून लावायची. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये टाकून सोडून द्यायची, चार कदम घरंगळली की क्लच सोडायचा, धाप्पकन एक गचका, आणि चालू. समोरून हँडल मारायची सोय होती, पण हँडलने एकदा उलटा फटका मारून बाबांचा खांदा निखळवला होता, तेव्हापासून ते माळ्यावर पडून आहे. हँडब्रेक शोभेपुरता. म्हणून चाकापुढे लावायला डिकीत एक चिऱ्याचा तुकडा असे. घराला वापरतो तोच जांभ्याचा लाल चिरा, अर्धा फुटलेला. गाडी थांबली की आई उतरून तो चाकाखाली सारी. निघताना बाबा ब्रेक दाबून बसत, आई चिरा ओढून काढी, डिकीत टाकी, साडीला हात पुशी आणि शेजारी येऊन बसे. आईच्या प्रत्येक साडीला उजव्या अंगाला एक लाल पट्टा आहे. पाहुण्यांना वाटतं डिझाइन आहे.

रत्नागिरीत उतारांना तोटा नाही, त्यामुळे हे जमूनही गेलं. पण हळूहळू आमचं सगळं जग उतरतं झालं. ज्यांची घरं घाटीवर त्यांच्याशी आमचे संबंध उत्तम. ज्यांची सपाटीवर, त्यांच्याकडची लग्नं, बारशी, मयतं आम्ही फोनवरून केली. दात काढायला बाबा जातात तो डॉक्टर काही फार हुशार नाही, पण दवाखाना चढावर आहे. हेदवीचा दशभुज गणपती आमच्यावर प्रसन्न, कारण तो टेकडीवर बसलाय. किनाऱ्यावरच्या देवांनी आमच्याकडून काही अपेक्षा ठेवल्या नाहीत.

आणि आईचं माहेर सड्यावर.

कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. डोंगर चढून गेलात की वर जी जांभ्या कातळाची सपाट, परातीसारखी जमीन लागते, तो सडा. तिथे गवत असतं, वारा असतो, आकाश भरपूर असतं. उतार नसतो. आमच्या घरापासून पाऊण तासावर, आणि अकरा वर्षांत आमची गाडी तिथे एकदाही गेली नाही. आई जायची एसटीने, एकटी. “सड्यावर उतार नाही,” बाबा म्हणत, आणि असं तोंड करत की जणू सडा त्यांच्या इच्छेविरुद्ध सपाट केलाय.

गाडी तिथे शेवटची गेली होती ती भाऊबिजेला. सेल्फने त्याच दिवशी, त्याच अंगणात, जेवणं झाल्यावर प्राण सोडला. मग आईच्या माहेरचं सगळं पुरुषमंडळ गाडीच्या पाठीला लागलं. माझा मामा, आईचा थोरला भाऊ, ओवाळून घ्यायला नेसलेल्या रेशमी कदातच धक्का मारायला आला. गाडी तीनदा गुरगुरली आणि चौथ्यांदा अशी सुटली की मामाच्या हाताखालून गाडी गेली आणि मामा गेला शेणखताच्या खड्ड्यात. मी मागच्या काचेतून ते पाहिलं. खड्ड्यातून आधी एक हिरवा हात वर आला. मग हिरवा मामा. कपाळावरचं कुंकू तेवढं लाल होतं. तो वास मला आजही आठवतो आणि आठवला की मी जेवणाचं ताट सरकवते. पण मामाने तोंड पुसून जे म्हटलं ते त्या वासापेक्षा जास्त टिकलं. सगळ्यांसमोर, अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाला, “गाडी पावण्यांची, दम आमचा!”

माहेरची माणसं हसली. आई हसली नाही. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

तर यंदा मामाला एक्याऐंशीवं लागलं आणि त्याचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. एक्याऐंशी वर्षांत हजार पौर्णिमा बघून झाल्या म्हणून करतात तो सोहळा. आईने पत्रिका टेबलावर ठेवली, वर चष्म्याचं घर ठेवलं, म्हणजे वाऱ्याने उडू नये आणि बाबांना टाळता येऊ नये.

“दादाचं सहस्रचंद्र आहे. आपण जायचं. आपल्या गाडीतून.”

“सड्यावर उतार नाही,” बाबा म्हणाले.

“सेल्फ घ्या.”

“या गाडीचे मिळत नाहीत आता.”

“शोधा.”

“रिक्षा करू ना. एसटी आहे.”

“एसटी अकरा वर्षं आहेच,” आई म्हणाली. “गाडी आपली आपण चालू करायची आणि निघायचं. माझ्या माहेरच्या एकाही माणसाचा हात तिच्या पाठीला लागता कामा नये. लागला तर मी तिथेच उतरेन, आणि परत या गाडीत बसणार नाही. तुमचा चिरा तुम्ही लावा, तुम्ही काढा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा आवाज चढलासुद्धा नव्हता. शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे स्कूटर आहे आणि नवरा नाही. हातात तीन आठवडे होते.

आधी आमचा मिस्त्री. त्याचं गॅरेज मिरजोळ्याला, एमआयडीसीच्या अलीकडे. त्याने गाडीखाली झोपून जुना सेल्फ उतरवला आणि खोलायला घेतला. या माणसाला काढलेले स्क्रू तोंडात धरायची सवय आहे. तोंडात आधीच तंबाखू. त्यामुळे स्क्रू लालभडक होऊन, एकेक करून, ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येत आणि तो ते मोठ्या मायेने माझ्या तळहातावर ठेवत होता. “धरा ताई, हरवतील.” मी धरले. कोमट होते.

सेल्फचं पोट उघडलं. आत जळलेल्या तारांचा काळा गोळा, त्यावर ग्रीसचा चिखल, आणि चिखलात पालीची दोन अंडी, एक फुटलेलं. मिस्त्रीने बोटाने ते निपटून पँटीला पुसलं आणि त्याच बोटाने दातात अडकलेला तंबाखू काढला. माझी नजर काढवेना. माझं हे असंच आहे. किळस आली की मी डोळे मिटत नाही, जवळ जाते.

“वाइंडिंग जळलंय ते भरून मिळेल, पण पुढचं डोकं तडकलंय,” तो स्क्रूंमधून म्हणाला. “दुसराच बघा.” मग त्याने मला उपदेश केला, आणि मी तो बिलाच्या पाठीवर लिहून घेतला. सेल्फ बघताना पुढच्या दातेरी चाकाचे दात मोजायचे. आपले नऊ. बोल्ट लावायचे कान बघायचे. आपले दोन. आणि तो कुठल्या बाजूने फिरतो ते विचारायचं. “उलटा फिरणारा निघाला तर रिंगचे दात खाऊन टाकील. मग सेल्फ राहिला बाजूला, आख्खं इंजिन उतरवावं लागंल.”

दात किती, कान कसे, फिरतो कुठे. माझं लग्न जमवताना माझ्याबद्दल हेच तीन प्रश्न विचारले होते. मी खुशीत बाहेर पडले. आता बघायला जाणारी मी होते.

पहिलं स्थळ बाजारातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात. काउंटरमागच्या इसमाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, मागे कुणी नाही हे बघून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “साहेब नाही आले?”

“साहेब नाहीत. सेल्फ हवाय.” मी गाडीचं नाव सांगितलं.

तो हसला. हसताना त्याने कान कोरायची काडी कानातून काढली, टोक निरखलं, आणि ती काउंटरवरच्या उघड्या बॉल बेअरिंगच्या डब्यात खोवून ठेवली. “वहिनी, ही गाडी अजून आहे? नंबरप्लेट काढून घ्या आणि तुळस लावा तिच्यात.” शेजारी चहा पीत बसलेला एक जण इतका हसला की चहा नाकातून आला. तो चहा काउंटरवर माझ्या पर्सपर्यंत वाहत आला. मी पर्स उचलली आणि निघाले.

दुसरं स्थळ मोबाइलवर. फोटोत असा चकाकत होता की मीच लाजले. आठवड्याने खोक्यातून आला. चंदेरी. हातात घेतला तर बोटं चंदेरी झाली. टेबलाला टेकला, टेबल चंदेरी. नखाने खरवडलं तर खाली हिरवा रंग, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली गंज, आणि निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये, रंगात कायमचं जडवलेलं, एका झुरळाचं अख्खं मागचं तंगडं, काट्यांसकट. रंगवणाऱ्याने ब्रश त्याच्यावरूनच फिरवला होता. खोक्यावर लिहिलं होतं, ‘ओरिजिनल’.

बाबांनी तो हातात धरला, फिरवला, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आठ दात! परत कर!” त्या दिवशी त्यांनी दोन वाट्या आमरस घेतला. मला ते वाईट बातमीच्या मानाने जरा जास्तच वाटलं होतं, पण मी तेव्हा विचार केला नाही. मी त्या तंगड्याकडे बघत होते.

तिसरं, चौथं आणि पाचवं स्थळ भंगारवाल्याकडे. तिथे सेल्फांचा ढीग होता. ढीग म्हणजे माझ्या कमरेएवढा, वर ताडपत्री, ताडपत्रीवर पावसाचं साचलेलं पाणी, पाण्यात किडे. मालकाने ताडपत्री ओढली तेव्हा ते सगळं माझ्या सँडलमध्ये आलं. आतून उंदीर पळाले, आणि जे पळाले नाहीत ते न पळण्याच्या अवस्थेत होते.

“घाला हात ताई, हवा तो काढा,” मालक म्हणाला, जणू हापूसची पेटी उघडलीय. मी घातला. कशालातरी लागला. ते मऊ होतं. सेल्फमध्ये मऊ काही नसतं हे मी एव्हाना शिकले होते. मी हात काढला आणि पुढचे दोन दिवस त्या हाताने जेवले नाही. डाव्या हाताने जेवले, आणि आईने बोललेलं ऐकून घेतलं.

“हा बघा, डॉक्टरच्या गाडीचा,” मालकाने एक वर धरला. “एकहाती. कमी चाललेली.” दुसराही डॉक्टरच्या गाडीचा. तिसरा लेडी डॉक्टरच्या. रत्नागिरीत जुनी गाडी मरते तेव्हा ती नेहमी डॉक्टरचीच असते. इतके डॉक्टर या जिल्ह्यात असते तर आम्ही ताप आला की काढा पीत बसलो असतो का?

तिसऱ्याचे मात्र नऊ दात भरले. कान दोन. मालकाने बॅटरीला लावून दाखवला, सरळ फिरला. मी आनंदाने नाचायची बाकी होते. मिस्त्रीला फोनवर सांगितलं, तोही म्हणाला चालेल. पण बाबा आले, त्यांनी सेल्फ कानाशी धरला, डोळे मिटले, आणि मान हलवली. “आवाज लेडी डॉक्टरसारखा नाही.”

“म्हणजे काय बाबा?”

“आतला दांडा फिरतो ते बुश झिजलेत. रस्त्यात दगा देईल. आईचा मान राहायचा नाही हो.”

आईचं नाव घेतल्यावर मी सेल्फ मालकाला परत दिला. आम्ही परत आलो. हातात आठ दिवस उरले होते, आणि आई आता माझ्याकडे बघत नव्हती. ती सोहळ्याला नेसायची साडी बाहेर काढून तिच्यावरचा लाल पट्टा लिंबाने घासत होती. डाग जात नव्हता. ती घासत होती.

मग मिस्त्रीलाच सुचलं. एके काळी मोडीत निघालेल्या मोटारींची इंजिनं लहान होड्यांना बसवायचे, सेल्फसकट. “मिरकरवाड्याच्या बंदरात विचारा. एक मावशी आहे, तिच्या नवऱ्याच्या होडीला तुमच्याच गाडीचं इंजिन होतं.”

बंदर सपाट. म्हणून आम्ही गाडी वरच्या रस्त्यावर, उतारावर लावली, आईने चिरा सारला, बाबा “तुम्ही बघून या” म्हणून गाडीतच बसले, आणि मी आणि आई खाली उतरलो. मासळीचा लिलाव नुकता आटपला होता. पायाखाली बर्फाचं पाणी, खवले, रक्त आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मासे ताटात आले ते नेहमी शिजून. जिथून ते येतात ती जागा मी नाक धरून ओलांडत होते आणि आई पदर खोचून पुढे चालली होती, ताठ, बाजारात निघाल्यासारखी.

मावशी आईच्याच वयाची. सावलीत बसून खाऱ्यांचं पिंप भरत होती. मिठात मुरवलेले मासे. पिंपातून येणारा वास हा वास नव्हता, ती भिंत होती. मी तिच्यावर आपटले आणि जागीच उभी राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. पिंपावर लाकडी झाकण होतं आणि झाकण दाबून बसावं म्हणून त्यावर वजन ठेवलं होतं. काळ्या टायरच्या ट्यूबमध्ये गुंडाळून दोरीने आवळलेलं काहीतरी.

“मावशी, तुमच्याकडे सेल्फ आहे म्हणे,” आई म्हणाली.

“ह्यो काय,” मावशीने झाकणावर थाप मारली. “होडी मोडली तवा घरवाल्यान ग्रीस चोपडून ठेवला. त्यो गेला. मी वजनाला घेतला.”

“ओरिजिनल आहे का?” मी नाकावर रुमाल ठेवून विचारलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “काय गो बाय, पोरगी काय इचारते? ओरिजिनल हाय का नाय मला ठाव नाय. घरवाल्याला न्यायचा आनि परत आनायचा, येवडं ठाव हाय.”

तीन आठवड्यांत मी ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य. दोरी सोडली. ट्यूब उलगडताना फच् फच् आवाज झाला आणि आतून जे ओघळलं ते पिवळं होतं, दाट होतं आणि त्यात खवले होते. मिठाचं पाणी आणि माशांचं तेल वर्षानुवर्षं ट्यूबच्या घड्यांत जिरलेलं. मी वाकून बघत राहिले. आईने मात्र बोट फिरवून ते बाजूला सारलं. खाली ग्रीसचा जाड थर, आणि ग्रीसखाली कोरं करकरीत लोखंड. आईने दात मोजले. मोठ्याने. “नऊ.”

“न्या,” मावशी म्हणाली. पैसे तिने भंगाराच्या भावाने सांगितले. “पन मला वजन देवा दुसरा. झाकान उठला तर माल नासंल.”

आईने क्षणभरही विचार केला नाही. “चिरा आण,” मला म्हणाली.

“आई, तो चाकाखाली आहे!”

“तुझे बाबा बसलेत ना ब्रेकवर? त्यांना सांग, जोरात दाबा.”

मी चढ चढून गेले. बाबांना सांगितलं. बाबांचा चेहरा मी पूर्वी एकदाच असा पाहिला होता, त्यांना जहाजावरून निवृत्त केल्याचं पत्र आलं तेव्हा. “चिरा देताय? आपला चिरा?” खालच्या बंदरापर्यंत ऐकू गेलं असावं. मी तो टाचेने मोकळा केला आणि पोटाशी धरून खाली आणला. नव्या कुर्त्याला लाल पट्टा. मावशीने चिरा हापशाखाली धुतला, झाकणावर ठेवला, बसतो का बघितलं. बसला. आईने सेल्फ कडेवर घेतला. मूल घेतात तसा, खवल्यांसकट, साडीला पिवळं लागू देत. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला तिथे आपण फार लहान आहोत असं वाटलं.

मिस्त्रीने सेल्फ जमिनीवर पायाने दाबून धरला आणि बॅटरीच्या वायरी टेकवल्या. तो बेडकासारखा उडाला. भर्रर्र करून सरळ फिरला, आणि पोटात उरलेलं सगळं जुनं ग्रीस, खारं पाणी आणि देव जाणे काय, एका फवाऱ्यात माझ्या तोंडावर. तोंड उघडं होतं. मी “वा!” म्हणत होते. ती चव मी सांगणार नाही. वाचणाऱ्याने माझं काय बिघडवलंय? मिस्त्रीने तोंडातला स्क्रू काढून म्हटलं, “फस्क्लास माल.” बाबांनी याही वेळी कान लावला. मिस्त्री म्हणाला, “काका, बुश नवीन टाकतो, काय ते बोला.” बाबांनी कान काढून घेतला.

बसवल्यावर गाडी अंगणात पहिल्या झटक्यात चालू झाली. आळीतले लोक गॅलरीत आले. मात्र सेल्फ जसा तापला तसा त्याच्यातला वास जागा झाला. गाडीत बसलं की आपण पिंपात बसल्यासारखं वाटे. आम्ही कापूर ठेवला, लिंबं ठेवली, अत्तर शिंपडलं. मग गाडीत कापूर घातलेल्या खाऱ्यांचा वास यायला लागला. तो आणखी वाईट. घरात आणखी एक चिरा होता. आईने तो डिकीत चढू दिला नाही.

सोहळ्याच्या दिवशी आम्ही सड्यावर पोचलो. मांडव घातलेला, होम पेटलेला, आणि आमची गाडी मांडवाच्या कडेला अशी उभी राहिली की वारा तिच्यावरून होमाकडे जात होता. भटजींनी मंत्र म्हणता म्हणता दोनदा नाक मुरडलं. मामीने पदर लावला आणि आईला हळूच विचारलं, “वाटेत काही मेलं का गं चाकाखाली?” पंगत बसेपर्यंत गावातली झाडून सगळी मांजरं आली. बॉनेटसमोर अर्धवर्तुळ करून बसली, शेपट्या पायांभोवती, आणि वर बघत राहिली. मोजली मी. सात. मामाला ओवाळलं तेव्हा त्याच्यासमोर एवढी शिस्तीत माणसं बसली नव्हती.

आई जेवली, तिने वाढलं, भावाला नमस्कार केला. पण मला दिसत होतं, तिचं लक्ष मिनिटामिनिटाला गाडीकडे जात होतं. तिच्या साडीवर लाल पट्टा पुसट होता आणि त्याच्या शेजारी नवा पिवळा.

निघायची वेळ झाली. आई पुढे बसली, मी मागे, बाबा स्टिअरिंगवर. आणि मी मागच्या काचेतून पाहिलं तर माहेरचं पुरुषमंडळ आपोआप येऊन गाडीच्या पाठीशी उभं राहिलं होतं. बाह्या सारलेल्या. भाचे, पुतणे, जावई. कुणी बोलावलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीची सवय. मधोमध मामा, एक्याऐंशी वर्षांचा, नवा कद गुडघ्यापर्यंत खोचून. त्याने आधी खड्ड्याचा अंदाज घेतला, मग दोन्ही हात उचलले.

आईने काच खाली केली. “दादा, हात लावू नको.”

“अगो, चालू कशी व्हायची?”

“लावू नको म्हणते ना. सगळे पडवीत जाऊन उभे राहा.”

ते गेले. मांजरं गेली नाहीत, पण मांजरांचा हात लागत नाही. पडवीत सगळं घर गोळा झालं, मामी पुढे, नाकाला पदर. सड्यावरचा वारासुद्धा पडला. आई समोर बघत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत इतके घट्ट होते की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

बाबांनी चावी फिरवली. कट्. एवढंच. पडवीत कुणीतरी खाकरलं. मामाने एक पाऊल पायरीवर टाकलं. आईने दाराच्या कडीला हात घातला.

बाबांनी आईच्या त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी चावी मागे घेतली, एक श्वास घेतला आणि पुन्हा फिरवली. खर्रर्र, आणि इंजिन उठलं. मांजरं सात दिशांना पळाली, खाऱ्यांचा एक ढग पडवीवर गेला, आणि आईने कडी सोडून पडवीकडे बघून मान अशी हलवली की एखाद्या राणीने हलवावी. आणि त्या क्षणी, इंजिनाच्या आवाजावर, जहाजावर बोलायच्या त्या आवाजात, जो पडवीत, मांडवात आणि बहुधा पलीकडच्या वाडीतही पोचला, बाबांच्या तोंडून निघून गेलं:

“मेलो! आता दर वर्षी यावं लागणार!”